एका दिवसाचा डोंगर

“त्याचे पिंड म्या माह्या हातानं देल्ले. कावळा शिवला. अन् तू मले आता सांगून राहिला का थो जित्ता हाय?”

“हाय. गोवर्धन खोटं काहून बोलन?”

“गोवर्धन तूप इकते. तूप इकणारा काहीबी बोलते.”

बापलेक बंडीच्या दोन बाजूले उभे होते. बंडीवर रुईचे बोजे रचलेले, घराच्या छपरापेक्षा उंच. नत्थुजी बोलता बोलता दोर आवळत होता. जेवढं बोलणं कडक, तेवढा दोर घट्ट. सहदेवाचं वय सोळा, पण राग म्हाताऱ्या बैलासारखा, एकदा बसला का उठत नसे. त्यानं बापानं आवळलेली गाठ सोडून टाकली. बापानं कानशिलात देल्ली. सहदेव जागचा हलला नाही. ह्याच डोक्यापायी त्याची शाळा सुटली होती. पंतोजीनं छडी मारली तं ह्यानं ती हिसकून तिचे दोन तुकडे केले, पंतोजीच्या मांडीवर नीट ठेवले अन् घरी आला. त्या दिवसापासून तो मळ्यातच.

“बंडी सोमवारी पाह्यजे म्हणजे पाह्यजे,” तो म्हणे. “मंगळवारचा सांगावा गेला डोंगरावर.”

नत्थुजीनं गाठ पुन्हा मारली, बैल जुंपले अन् अकोल्याच्या रस्त्याले लागला. मागं पाह्यलं नाही.

चांदूर बाजाराच्या बाहेर नत्थुजी माळ्याचा मळा. चार वर्षांआधी त्या मळ्यात वांगे, मिरच्या अन् इहिरीच्या अंगाले शेवंती होती. मंग कुठंतरी समुद्रापल्याड गोऱ्यागोऱ्यांतच लढाई जुंपली म्हणे, अन् इंग्रजाले वऱ्हाडातला कापूस हवा झाला. जिथं मूठभर काळी माती दिसे तिथं लोक पऱ्हाटी लावत. नत्थुजीनंही शेवंती उपटली. मंग बंडी घेतली, जोडी घेतली, अन् अमरावतीच्या व्यापाऱ्यांचे बोजे अकोल्याकडं वाहू लागला. रेल अजून तिकडं यायची होती, पण तिच्या रुळाखाली घालाले डोंगरातलं सागवान धडाधड पडत होतं. मोठा पोरगा देवीदास त्या लाकूडतोडीवर निघून गेला. शेवंती त्याची होती. बापानं ती उपटली त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी बोलला नाही, अन् तिसऱ्या दिवशी घरात नव्हता.

चौदा महिने त्याचा पत्ता लागला नाही. मंग ठेकेदाराच्या माणसानं एक घोंगडी आणून देल्ली, रक्त वाळून कडक झालेली. वाघानं नेलं, म्हणे. घोंगडी देवीदासाचीच; तिची किनार त्याच्या मायनं, गोदाबाईनं शिवली होती. तिनं ती किनार बोटांनी चाचपली अन् खाली बसली.

तेव्हा घरात जमुनेचं लगन ठरेल होतं. पोराकडच्या लोकांनी निरोप धाडला का ज्या घरात माणूस मेला का जगला हेच ठाऊक नाही, त्या घरची पोरगी आमी कशी नेवाव? एक तं त्याले आणा, नाही तं त्याचं करून मोकळे व्हा. नत्थुजीनं करून टाकलं. मढं नाही तं पळसाच्या पानाचा माणूस बांधला, पूर्णेच्या काठावर त्याले जाळलं, दहा दिवस पाळले, पिंड देल्ले. जमुनेचं लगन झालं. ती नांदाले गेली. तिले दिवसबी गेले.

अन् ह्या माघात गोवर्धन गवळी आला.

गोवर्धन डोंगरावरचा. दर बाजाराले म्हशीच्या तुपाचे गाडगे घेऊन चांदुरात उतरे. तो बाजारातून सरळ मळ्यात आला, गोदाबाईपाशी बसला, पाणी पेला, अन् मंग म्हणे, तुमचा देवीदास माह्या गोठ्याच्या शेजारी राहते. त्यानं ती घोंगडी थंडीतापानं कुडकुडणाऱ्या एका जोडीदाराच्या अंगावर टाकली होती. वाघानं नेला तो जोडीदार. अन् त्याच हप्त्यात सागाचं एक मोठं खोड गडगडत आलं ते देवीदासाच्या पायावरून गेलं. डोंगरात राहणाऱ्या कोरकू लोकांनी त्याले उचलून आपल्या गावात नेलं, पाला बांधला, जगवला, पण हाड वाकडं जुळलं. काठी टेकत चालाले लागला तवर खालच्या बंडीवाल्यांनी त्याले सांगून टाकलं होतं का तुह्या बापानं तुले पूर्णेवर जाळलं.

“मले म्हणे,” गोवर्धननं सांगतलं, “आता मी घरी कोण म्हणून जाऊ?”

हे विचारणं येड्याचं नव्हतं. ज्याची क्रिया झाली त्याले आपल्याच घराचा उंबरा ओलांडता येत नसे. यायचंच तं त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. मायच्या मांडीवर बसायचं, दूध अन् मध चाटायचं, आत्यानं ठेवलेलं नवं नाव घ्यायचं, बापानं जातीले जेवण घालायचं. मंगच तो माणूस. तोवर तो कोणी नाही. अन् नत्थुजी तं कानावर हात ठेवून बसला. देवीदास जित्ता निघाला तं सोयरे म्हणतीन, तुमी जित्त्या पोराची क्रिया करून आमाले फसवलं. जमुना भरल्या पोटानं माहेरी येईन. तो हे बोलून दाखवत नसे, तो फक्त म्हणे, गोवर्धन खोटारडा हाय.

गोदाबाई नवऱ्याशी भांडली नाही. तिनं सहदेवाले इहिरीपाशी बोलावलं अन् म्हणे, “डोंगरावर कोण पाहते? मीच जातो. मांडीवर घेतो, नाव ठेवतो, एका दिवसात उरकून येतो. मंग त्याचा बाप काय करते ते पाहू.”

एकच दिवस, काहून का घाटाच्या तोंडाशी सरकारी चौकी बसली होती. नवा साहेब झाडं मोजत फिरे. लाकडावरच्या माणसांशिवाय जो दिवस निघाल्यावर वर जाईन त्यानं दिवस बुडायच्या आत खाली यावं, अशी ताकीद. त्या एका दिवसात सारं बसवणं सहदेवानं आपल्याकडं घेतलं. शाळेत ज्याले अर्धा पाढा येत नव्हता त्यानं ह्या दिवसाचा एक एक पहर बोटावर मांडला. गोवर्धनले इतकं खोदून विचारलं का तो बिचारा वैतागला. नाला किती, चढ कुठं खडा, सावली कुठंपर्यंत. आदल्या दिवशी दुपारी निघायचं. नऊ कोसावर पायथ्याचं गाव, तिथं मामाच्या घरी टेकायचं. तांबडं फुटताच बंडी चौकीपर्यंत. पुढं पायी अर्धा कोस चढ, मायचे गुडघे सुजलेले म्हणून तिथं दोन पहर धरायचे. चढ संपते तिथं एक जुनं मोहाचं झाड हाय. देवीदासाले काठी टेकत तिथंपर्यंत उतरता येते. त्याच्याखाली तिसऱ्या पहरापर्यंत बसायचं. मंग खाली.

गोदाबाईचं आपलं वेगळं चाललं होतं. रोडगे अन् वांग्याची भाजी, काहून का लहानपणी देवीदास रोडग्यासाठी रडे. एक धोतर, एक पैरण, ती तिनं जुन्या मापाची शिवली, मंग म्हणे, वाळला असन, अन् उसवून पुन्हा शिवली. नणंद नव्हती म्हणून आत्याचं काम तिनं सहदेवाकडं देलं. तू नाव काढ. सहदेव आठ दिवस नाव शोधत हिंडला. बाजारात कोणी कोणाले हाक मारली का हा थांबून आयके. पण कोणतंही नाव भावाले आखूड पडे.

अन् तिनं एक शपथ घातली. ती मांडीवर घेईपर्यंत रक्ताच्या कोणत्याच माणसानं त्याचं तोंड पाह्याचं नाही. जन्माच्या आधी भावानं पाह्यलं तं ते पोर टिकत नाही, असं तिच्या मायनं तिले सांगतलं होतं. सहदेव हसला. म्हणे, बावीस वर्षांचं दाढीवालं पोर हाय ते. गोदाबाईनं त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. मंग तो हसला नाही.

गोवर्धन सांगावा घेऊन वर गेला. पुढच्या मंगळवारी, मोहाखाली.

अन् त्या मंगळवारसाठी लागणारी बंडी सोमवारच्या आधीच बोज्यांनी भरून अकोल्याकडं निघून गेली, ते वर सांगतलंच हाय.

मंगळवारी सकाळी सहदेव इहिरीच्या कठड्यावर उभा राहून उत्तरेकडं पाहत होता. त्याची नजर घारीसारखी. हवा मोकळी असली का डोंगरातली घाटाची खाच त्याले इथून दिसे. ती दिसत होती. तिथं सांगावा पोचला होता, पण नाही येत हे सांगाले कोणी नव्हतं. एकदा त्याले वाटलं, उठावं अन् पळत सुटावं. रात्रीपर्यंत पोचलो असतो. पण मायच्या डोक्यावर ठेवलेला हात त्याले अजून गरम लागत होता. तो कठड्यावरून उतरला अन् पऱ्हाटीत शिरून चार झाडं मुळापासून उपटली. तेवढंच त्याच्या हाती होतं.

पुढच्या बाजाराले गोवर्धन भेटला तो घाईत होता, त्याची म्हैस अडली होती. देवीदास आलता का, एवढंही नीट बोलणं झालं नाही. येत्या गुरुवारी नक्की, एवढा निरोप सहदेवानं त्याच्या गाडग्यांमागं पळत पळत देल्ला. अन् मंग भाड्याची बंडी शोधाले निघाला. चांदुरात नाही. आजूबाजूच्या पाच गावांत नाही. ज्याच्या दारात दोन चाकं होती तो अकोल्याच्या रस्त्यावर होता. लगनाले बंड्या भेटत नव्हत्या, नवरदेव पायी चालून राहिले होते. एका बंडीवाल्याशी सहदेवाची मारामारी झाली. तो म्हणे, मायले फिरवाचं हाय तं पाठुंगळी घे.

“चाल, पायी जाऊ,” गोदाबाई म्हणे.

निघाले. पह्यला कोस ती बोलत होती. देवीदास पाळण्यात कसा निजे, ते सांगत होती. दुसऱ्या कोसात बोलणं थांबलं. एका लिंबाखाली ती बसली ते उठेचना. गुडघे भाकरीसारखे फुगलेले. सहदेवानं तिले पाठीवर घेतलं. अन् तेव्हा त्याले कळलं का माय किती हलकी झाली होती. वाळल्या तुराट्यांची पेंढी जशी. तो तसाच रस्त्यात उभा राह्यला. समोर साडेसात कोस अन् मंग चढ. मागं दीड कोस अन् घर. त्यानं हिशेब केला, ऊन पाह्यलं, अन् घराकडं वळला. पाठीवरची माय मान मागं वळवून डोंगर पाहत होती. घर येईपर्यंत तिनं मान सरळ केली नाही.

मंग गोवर्धन दोन बाजार आलाच नाही.

चैत सरता सरता अकोल्याहून बातमी आली का ती लढाई संपली. इथल्या माणसाले त्या लढाईचं ना तोंड ठाऊक ना गाव, पण ती संपली अन् कापसाचा भाव असा बसला का व्यापाऱ्यांनी बोजे उतरवून घ्याले नाही म्हणलं. बंडीवाले भरलेल्या बंड्या घेऊन परत येऊ लागले. ज्या रस्त्यावर धुळीनं सूर्य दिसत नव्हता तिथं कुत्रे निजू लागले. नत्थुजीबी आला. दोन दिवस ओसरीवर बसून राह्यला, जेवला तं जेवला, नाही तं नाही. तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या सकाळी, त्यानं गोदाबाईले विचारलं, “कव्हा जाचं हाय तुले डोंगरावर?”

गोदाबाई उठली, जात्यावर बसली, रोडग्याचं जाडं पीठ दळाले लागली. नत्थुजीनं बंडीचं चाक काढलं, आसाले वंगण लावलं, पुन्हा बसवलं. मंग उगाच दुसरंही काढलं. सहदेवाशी तो बोलला नाही, पण जू कुठं ठेवलं हाय, हे त्यानं बैलाले विचारल्यासारखं मोठ्यानं विचारलं, अन् सहदेवानं आणून देलं. त्या घरात दोन महिन्यांत पह्यल्यांदा असं काही झालं.

दुपार ढळता सहदेव बाजारात गेला. आज गोवर्धन आलाच तं त्याच्याजवळ सांगावा द्यायचा. बुधवारी, बंडीसकट, नक्की. गोवर्धन पुलापाशी भेटला. त्याच्या डोक्यावर गाडगे नव्हते. पाय धुळीनं मांडीपर्यंत पांढरे. तो पहाटेचा चालत आला होता.

त्यानं जे सांगतलं ते सहदेवानं उभ्यानं आयकलं. पह्यल्या मंगळवारी देवीदास तांबडं फुटायच्या आधी मोहाखाली येऊन बसला होता. डोकं भादरून घेतलेलं, जन्मणाऱ्या पोरासारखं. दिवस बुडेपर्यंत बसला. गुरुवारीही बसला. अन् शुक्रवारीही, म्हणे माहीच दिवस मोजण्यात चूक झाली असन. तेव्हा त्याच्या अंगात ताप होता. मंग तो वर गावात परत गेलाच नाही. चढाले दम लागते, म्हणे, अन् मी वर असतानी माय येऊन गेली तं? कोरकूंनी तिथंच पाल्याची सावली करून देली. तीन आठवडे तो तिथं होता. आज पहाटे गेला.

“कोरकू विचारून राहिले, पुराचं का जाळाचं,” गोवर्धन म्हणे. “तुमचा माणूस, तुमची रीत. उद्या ऊन तापेपर्यंत ठेवतीन. त्याच्यापुढं ठेवता येत नाही, भाऊ, हंगामच असा हाय.”

सहदेवाले राग येईन असं गोवर्धनले वाटलं होतं. तो एक पाऊल मागंही सरला. पण सहदेवाले राग आलाच नाही. त्यानं आयुष्यात पह्यल्यांदा राग शोधला अन् तो सापडला नाही.

तो घरी आला तेव्हा गोदाबाई गोवऱ्यांच्या आरात रोडगे परतत होती. आजच भाजून ठेवतो, म्हणे, उद्या निघायचं झालं तं अडायले नको. नत्थुजी बैलाच्या गळ्यात घाटी बांधत होता. सहदेवानं दारात उभं राहून सांगतलं. किती शब्दांत सांगतलं ते त्याले मंग आठवलं नाही. चार असतीन.

गोदाबाईचं तोंड उघडलं. आवाज निघायच्या आत नत्थुजी धावला अन् तिच्या तोंडावर हात ठेवला. वंगणाचा काळा हात.

“रडू नोको,” तो म्हणे. “लोकं पुसतीन, कोण मेलं. काय सांगशीन? त्याचं सुतक झालं. जमुनेचं पोट भरेल हाय, गोदे. एका माणसासाठी दोनदा रडता येत नाही.”

बाहेर बाजारातून परत जाणाऱ्या बाया बोलत, हसत चालल्या होत्या. एकीनं कुंपणावरून डोकावून विचारलं, रोडगे का वो, आज कोणता सण? नत्थुजीनं हात काढला. गोदाबाईनं पदर तोंडात कोंबला, मान हलवली. ती बाई गेली. आरातले रोडगे एका अंगानं करपत गेले, अन् ते कोणी काढले नाही.

सहदेव तिच्यापाशी बसला. बंडी तयार हाय, माय, तो म्हणे. सावकाश जाऊ. मी तुले चढावर पाठीवर घेतो. ह्यावेळी घेतो. हे बोलताना त्याले तो लिंब आठवला, तो दीड कोस, ते ऊन. त्यानं मान खाली घातली.

गोदाबाईनं पदर तोंडातून काढला. “नाही,” ती म्हणे. “जित्त्या पोराले मांडीवर घ्याले निघाली होती मी. जळतानी म्या त्याले एकडाव पाह्यलं. आता पुन्हा नाही पाहत.” मंग तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. “माही शपथ सुटली. आता तुले त्याचं तोंड पाहता येते. तू जा.”

बंडीनं पोचणं शक्य नव्हतं. बैल रात्री दम घ्याले थांबतीन, अन् ऊन कोणासाठी थांबत नाही. पायी, न बसता चाललं तं तांबडं फुटता चौकी, अन् मंग अर्धा कोस. सहदेवानं धोतर वर खोसलं. शिवलेली ती पैरण अन् धोतर खुंटीवरून काढून काखेत मारलं. अंगावर घालाले काही तं लागनच. पाण्याची तुंबडी घेतली. मायच्या पायाले हात लावला.

नत्थुजी वाटेत उभा होता. एवढा मोठा माणूस, पण त्याले हात कुठं ठेवावं ते समजत नव्हतं. कधी जुवावर, कधी बैलाच्या पाठीवर, कधी आपल्याच डोक्यावर.

“सहदेवा,” तो म्हणे. “मी येऊ का बापू, सोबत?”

सहदेवाच्या तोंडाशी लय काही आलं. त्यातलं एक जरी बोलला असता तं दुसरं निघालं असतं, अन् संध्याकाळ तिथंच झाली असती. ऊन पऱ्हाटीच्या शेंड्यांवर आलं होतं. त्यानं बापाकडं पाह्यलं, मंग घाटाच्या खाचेकडं.

“मले निघा लागते आता,” तो म्हणे.